सोळावं बटण

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगबाई! तू होय! आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. धाकटीला थोरलीची आठवण झाली. तीही भर अकरा वाजता, दुकानात गिऱ्हाईक असताना…

नाही नाही, बोल ना. मी काय, बसलेलीच आहे काउंटरला. एक काकू आल्यात, फ्रेम बघतायत. बघू देत. त्यांचं अजून अर्धा तास चालेल, आरशासमोरून हलायचं नाव नाही… हळूच बोलतेय गं. आणि ऐकलं तर ऐकलं. बोल, काय काम काढलंस? कामाशिवाय तू फोन करायची नाहीस.

कुठली पिशवी?

निळी?… आईचं घर रिकामं केलं तेव्हाची? अगं ती हरवली ना. टेम्पोवाल्याने हरवली. सांगितलं होतं की तुला, एकदा नाही, दहादा…

कोण म्हणालं माझ्याकडे आहे?… कोण?… भावोजी? हे म्हणाले? कधी?… थांब. थांब जरा.

अहो! अहो, ते काच घासायचं मशीन बंद करा. बंद करा आधी! काल हिला काय सांगितलंत फोनवर?… सहज? सहज बोलता बोलता? वा! घाला, घाला परत ती काच मशीनमध्ये.

ऐकलंस ना? सहज बोलता बोलता म्हणे. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, पण बायकोच्या डोळ्यातली खूण काही त्याला आजवर वाचता आली नाही.

बरं, मग? आहे. आहे माझ्याकडे. पुढे बोल.

ओरडू नकोस. माझ्याशी ओरडून बोलायचं नाही… हो, खोटं बोलले. आठ महिने बोलले. तू रडलीस तेव्हाही बोलले. त्या टेम्पोवाल्याकडे तू तीनदा जाऊन भांडून आलीस ना, तेव्हा मीच तुला चहा करून दिला होता. आठवतंय? "जाऊ दे गं, गेलेल्या वस्तूपायी किती जीव जाळायचा," असंही म्हणाले होते. आणि पिशवी तेव्हा कुठे होती, सांगू? दिवाणात. तू दिवाणावरच बसून चहा प्यायलीस. वर बिस्किटं मागितलीस.

का म्हणजे? मला विचारतेस का म्हणून?

आईला जाऊन आठवडा झाला नव्हता गं. वीस-पंचवीस माणसं भेटायला आलेली. कुणी रडतंय, कुणी गप्प बसलंय, लोक कसं बसतात अशा घरात तसं सगळं चाललेलं. आणि तू काय केलंस? त्या पिशवीतून तो डबा काढलास. पुस्तकाएवढा काळा डबा, त्यावर रबराची सोळा बटणं, वर कान पिळायच्या खुंट्या. वायरी जोडल्यास, दोन स्पीकर ठेवलेस, आणि म्हणालीस, आईचे आवाज साठवलेत मी, ऐका सगळे. जशी काही जादूगारीण!

हो, मला सगळं आठवतंय. एक बटण दाबलं, आईच्या काठीची टकटक. दुसरं दाबलं, "कोण आहे गं दारात?" तिसरं दाबलं, आईचं ते "हुश्श". आणि मग खोकला. खोकला, धाकटे! आईच्या खोकल्यावर ठेका धरलास तू! खो-खो टक, खो-खो टक… आत्या रडतेय की हसतेय तेच कुणाला कळेना. आणि शेजारच्या मास्तरांचा पाय हलत होता तालावर. मी पाहिला त्यांचा पाय.

मी वायर ओढली तेव्हा कुठे थांबलीस… हो, मीच ओढली, अजून ओढीन… काय? "एकच राहिलं होतं"? ते तेव्हाही म्हणत होतीस. वायर हातात धरून माझ्या मागे मागे फिरत होतीस, ताई एकच राहिलंय, ताई एकच. पंधरा ऐकवलेस ते पुरे नव्हते?

नाही काकू, ती नको. ती तुमच्या नाकावरून घसरते. ती खालच्या रांगेतली तपकिरी घालून बघा… हो, तीच. सुंदर दिसतंय. नाही हो, खरंच.

कसलं सुंदर. दोन बशा बांधल्यासारखं दिसतंय. हं, बोल तू.

तुझं काम? तुझं काम मला नको सांगूस. मला माहितीये तुझं काम. गाणं शिकायला घातलं, दोन वर्षांत सोडलंस. गिटार आणून दिली, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेस. आणि आता दहा बोटांनी रबर बडवायचं, आणि म्हणायचं संगीत. अगं जे गळ्यात नाही, बोटात नाही, ते काय बटणात येणार?… असू दे. कुणी पैसे देतंय ना त्याचे, मग झालं तर. मूर्खांना तोटा नाही जगात.

कधी?… शुक्रवारी? या शुक्रवारी?… नाटकवाले?… म्हणजे तिकीट काढून लोक बसणार, वर पडदा उघडणार, आणि आई खोकणार?… "फक्त हुश्श" पण नाही. "हुश्श" काय रस्त्यावर पडलंय? तीन जिने चढून आल्यावर, पायरीवर टेकून सोडलेला श्वास आहे तो माझ्या आईचा.

हो, तुझ्या पण. माहितीये.

आईने हो म्हटलं होतं? आई तुला कशालाही हो म्हणायची. तू शेपूट होतीस ना तिचं. तू म्हणालीस "आई, खोक," की ती खोकायची. तू म्हणालीस "काठी आपट," की ती आपटायची. मला माहितीये, मी रविवारी यायचे तेव्हा दोघी हसत असायचात आणि मी आत आले की गप्प… नाही कसं? गप्पच. पाहुणी आल्यासारखं. "बस मोठी, पाणी घे." पाणी घे! त्या घरात मी जन्मले, आणि मला म्हणायची पाणी घे.

तुझ्याकडे वर्षभर आई होती, धाकटे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माझ्याकडे काय होतं? रविवारचे दोन तास, तेही अर्धे तुझी गाऱ्हाणी ऐकण्यात…

सेवा केलीस, कोण नाही म्हणतंय? पण सेवा करता करता तिला डब्यात भरून घेतलंस, आणि थोरलीच्या हाताला काय लागलं? दोन पातेली आणि एक छत्री.

ते काढू नकोस हं. ते फोनचं काढू नकोस… हो, पाच आले होते. मंगळवारी दुपारी. पाचही कापले. मग? दुकानात रांग लागली होती, शाळेची मुलं आली होती डोळे तपासायला. आणि तुझे फोन म्हणजे काय नवीन होते? औषध संपलं, नळ गळतोय, ताई येशील का, ताई थांबशील का. मला काय स्वप्न पडलं होतं बुधवारी सकाळी आई जाणार म्हणून?… तू एक मेसेज टाकायचा होतास. "ताई, ये." दोन शब्द. तेवढ्यासाठी बोटं मोकळी नव्हती तुझी?

बरं. राहू दे. तुझ्याशी वाद घालून माझाच घसा सुकतो.

पाहिजे ना डबा?… किती पाहिजे?… तसं नाही, सांग, किती पाहिजे?

देते. देणार. पण अशी नाही… पैसे कोण मागतंय तुझ्याकडे! पैसे ठेव तुझे. चुकलं म्हण.

एकदा नाही. तीनदा. आई म्हणायला लावायची तसं. विसरलीस? एकदा तोंडाने, एकदा मनाने, आणि एकदा पुन्हा करणार नाही म्हणून. तू माझी नवी वही पाण्यात टाकलीस तेव्हा म्हटलं होतंस की, दाराच्या कोपऱ्यात उभं राहून. मला चांगलं आठवतंय, नाकातून फुगा आला होता तुझ्या.

हं. चालू कर.

…मोठ्याने. तोंडात काय सुपारी धरलीयस?… हं. हे तोंडाने झालं.

आता मनाने… अंहं. हे मनातलं नव्हतं. मला कळतं. परत… परत म्हण… हं. हे बरं होतं.

आता तिसरं. आणि नीट म्हण, पूर्ण म्हण. "पुन्हा आईचा आवाज कुणासमोर वाजवणार नाही"… शुक्रवारी पण नाही. शुक्रवार काय वेगळा आहे?… नाटकवाल्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. सांग, मशीन बिघडलं. सांग, बहीण वेडी आहे… रडू नकोस, रडताना शब्द कळत नाहीत… "कुणासमोर"… हं… "वाजवणार"… हं. झालं. बघ, किती सोपं होतं! एवढ्यासाठी आठ महिने घालवलेस.

पाठवते गं. शब्द दिला म्हणजे दिला. संध्याकाळी कुरिअरवाला येतो काचा द्यायला, त्याच्याच हातात देते. परवा सकाळी मिळेल तुला.

पण मी काय म्हणते… ऐक ना… तो सुरू कसा होतो?

सुरू गं. आवाज कसा लावायचा त्याचा?… मला काय करायचंय! सहज विचारते. देण्याआधी चालतोय की नाही बघायला नको? नाहीतर म्हणशील ताईने बिघडवून पाठवला.

दिवे लागतात. फोनच्या चार्जरला लावला की लागतात. बटण दाबलं की लाल होतं, जोरात दाबलं की जास्त लाल. पण आवाज येत नाही. सगळी दाबून बघितली. दोन-दोन एकदम दाबली. खुंट्या फिरवल्या सगळ्या, इकडून तिकडून. काही कुलूपबिलूप घालून ठेवलंयस का तू त्याला? काही नंबर असतो का टाकायचा?

रोज नाही. कोण म्हणतंय रोज?… बरं, रोज. खूश? दोन ते चार दुकान बंद असतं. हे घरी जाऊन झोपतात. मी शटर अर्धं खाली ओढते आणि खालचा खण उघडते. तिथेच ठेवलाय आता. घरी भीती वाटते, कुणी काही वर ठेवलंबिवलं तर. चष्मा पुसायचं मऊ फडकं असतं ना, तसली चार शिवून त्याला खोळ केलीय. धूळ रबरात गेली की निघत नाही. एकेक बटण पुसते, काचेवर मारायचा स्प्रे मारून, आणि मग दाबते. कान लावून. कधी कधी वाटतं अगदी बारीक काहीतरी येतंय आतून. मग कळतं पंखा असतो.

म्हणजे आहे तो नीट. एक ओरखडा नाही. त्या बाबतीत मला बोलायला जागा नाही तुला. तू तर त्याच्यावर चहाचे कप ठेवायचीस.

हसतेस काय?… हसतेयस की रडतेयस?… काय?

लॅपटॉप? लॅपटॉपचं काय मधेच?… होता ना पिशवीत. आहे की. हा काय, माझ्यासमोरच आहे, काउंटरवर. काकूंचा नंबर यातच लिहिणार आता मी. त्याची मान मोडली होती, यांनी चिकटपट्टी लावून उभा केला. कपाटात सडण्यापेक्षा दुकानाच्या कामाला आला… हो, तुझाच. तुझं नाव लिहून नव्हतं ठेवलंस त्याच्यावर.

साफ करून घेतला ना आधी. कॉम्प्युटरवाला आहे कोपऱ्यावरचा, त्याच्याकडून… सगळं म्हणजे सगळं. तुझं ते ढम-ढम, धडाड-धूम, सगळं काढून टाकलं. आतली डिस्क पण नवी घातली त्याने, जुनी कुरकुरत होती म्हणे. आता कसा पळतो बघ…

अगं पण त्याला काय झालं? डबा आहे ना जसाच्या तसा! डब्याला कुणी हात लावला नाही म्हणतेय ना मी!

हॅलो?… ऐकतेयस?… हॅलो?

काय रिकामं?… कोण रिकामा?… डबा? असा कसा रिकामा? दाबलं की आई बोलत होती. पंचवीस माणसांनी ऐकलंय. मी माझ्या कानांनी… हां… हां… म्हणजे?

हळू सांग. एकदम सांगू नकोस… नुसती बटणं?… म्हणजे दारावरच्या बेलसारखं? बटण बाहेर भिंतीवर आणि बेल आत घरात?

…आणि बेल लॅपटॉपमध्ये.

थांबा हो काकू. नाही, तीच बरी दिसते. दुसरी पण बरी दिसते. थांबा म्हटलं ना मी!

ऐक. तू दुसरीकडे ठेवलं असशील. तू शहाणी आहेस, तू ठेवलंच असशील. ते नेटवर जातं ना हल्ली सगळं आपोआप?… हो. आईच्या घरी नेट नव्हतं. हो.

छोटी काळी डिस्क?… आतल्या कप्प्यात?… चेन असलेल्या?…

होती.

ती पण दिली, धाकटे. ती पण रिकामी करून घेतली. यांना फ्रेमचे फोटो ठेवायला हवी होती… हो, साफ. फ्रेमा आहेत आता त्यात. सातशे.

अगं पण जुनी… थांब, जुनी डिस्क! लॅपटॉपमधली! ती त्याने परत दिली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हातात दिली माझ्या. म्हणाला, ताई, जपून ठेवा, उद्या काही लागलं तर यातून काढता येईल…

नाही.

नाहीये ती… नाहीये म्हणजे नाहीये… मी फोडली.

हातोडीने. दुकानाच्या मागच्या पायरीवर… का म्हणून काय विचारतेस! राग होता माझा त्या लॅपटॉपवर! बघावं तेव्हा तू त्यात डोकं घातलेली. आई पलंगावर, तू खुर्चीत, कानाला ते हेडफोन, आणि मी दारात अर्धा अर्धा तास उभी. मला वाटायचं, यानेच नेली. यानेच आई नेली माझ्यापासून आणि तुला पण नेलं. म्हणून फोडली. चांगली सात-आठ वेळा मारली. डब्यावर नव्हता गं राग. डब्याला मी काहीच केलं नाही. मला वाटलं, डब्यात आई आहे.

बोल काहीतरी… शिव्या दे. दे ना. मी काही म्हणणार नाही.

अहो, तुम्ही आत जा. काही नाही झालं. आत जा म्हणतेय ना!

हं… हं, बोल… सोळावं? हो, माहितीये कुठलं. सगळ्यात खालच्या ओळीतलं, उजवीकडचं. मी शेवटी तेच पुसते. त्याचं काय?

माझं?… माझं म्हणजे?

कोण म्हणालं, आई? आई म्हणाली "हे मोठीचं"?… बोट ठेवून?… कधी म्हणाली?

मंगळवारी.

म्हणजे ते पाच फोन तू नव्हते केलेस… तुला लावायला लावले तिने… आणि मी…

काय म्हणाली?… "ती उचलत नाही ना, मग यातच बोलते. ऐकव तिला नंतर"… असं म्हणाली? असंच? चिडून म्हणाली की… हसून?… हसून.

किती बोलली?… अडीच मिनिटं? एवढा दम कुठून आणला तिने? तिला तर दोन शब्दांमागे थांबावं लागायचं… थांबून थांबून. हां. माझ्याशी? सगळं माझ्याशी?

म्हणून तू त्या दिवशी माझ्या मागे मागे… एकच राहिलंय, एकच राहिलंय…

अगं मग सांगायचं ना! स्पष्ट सांगायचं!… सांगितलंस. हो. "ताई, ते तुझ्यासाठी आहे," असं म्हणाली होतीस. मी म्हटलं, मला नको तुझं काही. हो. म्हटलं मी. वायर गुंडाळत म्हटलं.

बरं, ऐक. जाऊ दे ते. आवाज गेला तर गेला. तू ऐकलंयस ना?… दोनदा? दोनदा ऐकलंस? मग झालं! तुला तर लहानपणापासून एकदा ऐकलं की पाठ व्हायचं. रेडिओवरच्या जाहिराती म्हणून दाखवायचीस तू. सांग. तुझ्या तोंडाने सांग, मला चालेल. सुरुवात काय केली? "मोठी" म्हणाली की नावाने हाक मारली? मला नावाने कधी मारायची नाही ती. काय म्हणाली पहिलं?

…काय?

हरवलं?

हरवलं म्हणजे काय?… तुझ्या डोक्यात आहे ना ते, ते कसं हरवेल?… टेम्पोवाल्याने?… अगं, असं काय बोलतेस… नको ना असं बोलूस…

"गेलेल्या वस्तूपायी किती जीव जाळायचा."

हो, माझेच शब्द आहेत. कळलं. कळलं गं मला. दिवाणावर बसली होतीस तू, कळलं. आता पुरे कर. बदला घेऊन झाला ना? आता सांग.

एक शब्द सांग. रागावली होती का, तेवढं तरी सांग. एवढंच सांग की रागावली नव्हती… खोटं सांग हवं तर. नको, खोटं नको. तुला खोटं बोलायला कधी जमलंच नाही, ते मला जमतं. खरं सांग. रागावली असली तरी सांग…

फोन ठेवू नकोस. ठेवू नकोस, थांब. अगं ऐक ना… मी म्हणते. मी म्हणते तीनदा, आईच्या पद्धतीने. म्हणू?

चुकलं माझं. हे तोंडाने.

आता मनाने… काकू, तुम्ही नका बघू इकडे… नाही, बघा. बघू देत. ऐकू देत सगळ्यांना. चुकलं माझं, धाकटे. मनापासून सांगते, फार चुकलं. पिशवी लपवली, फोन कापले, हातोडी मारली. सगळं चुकलं.

आणि तिसरं… तिसरं, पुन्हा करणार नाही… पुन्हा काय करणार नाही म्हणू गं? आता करायला राहिलंय काय माझ्याकडे?… असू दे. पुन्हा करणार नाही. घे. झाले तीन. मोजलेस ना? तीन झाले. आता सांग.

हॅलो?

पहिला शब्द तरी सांग… हॅलो? धाकटे?… अगं, तीनदा म्हटलं मी… हॅलो?… हॅलो?…